केडगावचं कृपासदन

(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. हा शब्द माझ्या तोंडात दोन अर्थांनी असतो. आज जमलोय ती मंडळी, आणि आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला म्हणतो तीही मंडळी. मी मूळची नगरची. लहानपणी रविवारी उपासनेला टाळ-तबल्यावर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायचो, आणि घरी आल्यावर शेजारच्या आजी त्याच चालीवर तुकोबांचे अभंग म्हणत बसलेल्या असायच्या. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यामुळे 'कृपा' या शब्दाचा अर्थ मला तुम्हाला सांगावा लागणार नाही. आज सांगायचं आहे ते केडगावच्या एका घराबद्दल. त्या घराचं नावच कृपासदन होतं.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली होती. 1883 साली त्यांचा इथे इंग्लंडमध्ये, वाँटेजला बाप्तिस्मा झाला. मग तिथल्या मठातल्या भगिनींनी, म्हणजे नन्सनी, त्यांना लंडनला फुलहॅममधलं आपलं काम पाहायला पाठवलं. समाजानं 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमानं सांभाळत होते. रमाबाई थक्क झाल्या. अशा बायकांना कुणी माणूस म्हणून वागवतं, हे त्यांनी तोवर कुठे पाहिलंच नव्हतं. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा एका भगिनीनं त्यांना बायबलमधली गोष्ट वाचून दाखवली, विहिरीवर आलेल्या आणि येशूनं आपणहून बोलतं केलेल्या परक्या, शोमरोनी स्त्रीची.

तरीही पुढची आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढी विदुषी, संस्कृतची पंडिता, 1889 मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलेली बाई हे कबूल करते. आपण लायक होऊ आणि मग देव जवळ घेईल, हा हिशेब त्यांनी सोडला तेव्हा त्यांना मोकळं वाटलं. आमच्याकडे कृपा म्हणतात ती हीच. आधी कवटाळणं, सुधारणं मागून.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींना फूस लावून नेणारे दलाल तिथे फिरत होते. रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या, आणि दौंडजवळ केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. एवढ्यांचं जेवण, पाणी, कपडे, औषधपाणी, विचार करून बघा. आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन, तिथे ब्रेल शिकवायचे. आणि ज्यांना दुसऱ्या कुठल्याच घरात दार उघडत नव्हतं त्यांच्यासाठी कृपासदन. फुलहॅमला पाहिलेलं रमाबाई विसरल्या नव्हत्या.

आता संजीवनाकडे येते. एखाद्या मंडळीत किंवा गावात श्रद्धा नव्यानं जागी होते, त्याला आम्ही संजीवन म्हणतो. 1904 च्या शरदात वेल्समध्ये, लॉकर गावच्या मोरिया चॅपलमध्ये इव्हान रॉबर्ट्स नावाच्या 26 वर्षांच्या मुलानं प्रार्थनासभा सुरू केल्या. पोरवयापासून कोळशाच्या खाणीत राबलेला मुलगा. काही महिन्यांत खाणीची गावंच्या गावं बदलली. दारूचे गुत्ते ओस पडले, लोक जुनी कर्जं फेडू लागले. खाणीतल्या तट्टांना शिव्यांची इतकी सवय होती की साध्या शब्दांत सांगितलेलं त्यांना कळेना, असं तिथे अजून सांगतात. ही बातमी केडगावला पोचली. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी बायकांना रोजच्या प्रार्थनेला बोलावलं. सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या.

जूनच्या अखेरीस रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावत होत्या. एकाएकी सगळ्या मुली मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. त्या अध्यायाची सुरुवात कशानं होते? व्यभिचाराचा आरोप करून, दगडांनी मारायला निघालेल्या लोकांनी एका बाईला येशूपुढे उभं केलंय. ज्यानं पाप केलं नसेल त्यानं पहिला दगड मारावा, असं येशू त्यांना सांगतो.

संजीवन म्हटलं की लोकांना तो आवाज आठवतो, अश्रू आठवतात. मला त्यानंतरचं महत्त्वाचं वाटतं. मुलींनी आपापल्या चुका कबूल केल्या, चोरलेल्या वस्तू परत केल्या, भांडलेल्या एकमेकींकडे गेल्या. दुसरीचं पाप कुणी सांगितलं नाही, प्रत्येकीनं स्वतःचं सांगितलं.

म्हणून आज मलाही माझं सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातलीच एक मुलगी लहान लेकराला घेऊन घराबाहेर पडली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, स्वतःच्या नावावर बँकेत खातंसुद्धा नाही. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्या तिच्याबद्दल बोललो. "तिचंच काहीतरी असणार" हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं. हातात तिळगूळ होता माझ्या. मी चर्चची बाई, आणि योहानाचा आठवा अध्याय मला तोंडपाठ आहे.

तीन आठवड्यांनी ती आमच्या चर्चच्या हॉलवर आली. हिवाळ्यात तो आम्ही ऊब घ्यायला येणाऱ्यांसाठी उघडा ठेवतो. लेकराच्या पायात मोजे नव्हते. तिनं मला ओळखलं आणि ती दाराशीच थांबली. "मावशी, इथे यायला काही अट आहे का?" एवढंच तिनं विचारलं. मला उत्तर सुचेना. मी बाळाला उचलून हीटरजवळ नेलं आणि तिथेच तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही. चहाचा कप दोन्ही हातांत धरून खूप वेळ बसून राहिली.

आज ती नोकरी करते. तिच्या परवानगीनंच हे सांगतेय. ती ख्रिस्ती झालेली नाही, आम्हीही तिला कधी तसं विचारलेलं नाही. घरात देव्हारा आहे, लेकराची मुंज करायची म्हणते.

पण आमची मंडळी मात्र बदलली. वीस-बावीस डोकी, भाड्याचा हॉल, निम्मे लोक साठीच्या पुढचे. आम्ही वर्षानुवर्षं संजीवनासाठी प्रार्थना करत होतो. मनात कुठेतरी होतं की हॉल भरेल, गाणी दुमदुमतील. आलं ते एका अनवाणी लेकराच्या रूपानं. त्यानंतर दोघा भावांनी वडिलोपार्जित जमिनीचं सहा वर्षांचं भांडण मिटवलं. एका काकांनी दारू सोडली, पुन्हा घेतली, पुन्हा सोडली, आणि दर वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. आता लपवावं लागत नाही ना.

आपल्या लोकांत एकटेपण फार वाढलंय. एजंटचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेली मुलं आहेत, चार-चार महिने घरी फोन करत नाहीत, लाज वाटते म्हणून. आई-वडिलांना खरं सांगता येत नाही आणि आपल्यालाही सांगता येत नाही, कारण आपण काय बोलू हे त्यांना पक्कं माहीत आहे. त्यांना मराठीत बोलणारं माणूस हवंय.

हॉल दर बुधवारी संध्याकाळी सहाला उघडतो. खिचडी मी करते. तिखट बेताचं असतं, लोणचं ज्यानं-त्यानं आणावं. खुर्च्या मांडायला ती मुलगी असते. ज्यांना जमेल त्यांनी साडेपाचलाच या, भाज्या चिरायच्या असतात.