टहाळा

[चोर्ला घाट, सकाळ. धुकं. दूरवर पडणारं पाणी.]

घाटाच्या वळणावर गाडी थांबवली की आधी आवाज येतो, पाणी दिसत नाही. मग धुकं जरा फाटतं आणि समोरच्या कड्यावरून एक, दोन, चार पांढऱ्या रेघा खाली सुटलेल्या दिसतात. जुलै महिना, गोव्याचा सत्तरी तालुका. पणजी सोडून दोन तासही झालेले नाहीत.

[रस्त्याकडेला मोटरसायकल.]

कडेला एक मोटरसायकल उभी आहे. आरशाला हेल्मेट अडकवलंय. माणूस नाही. पलीकडचं गवत तुडवत कुणीतरी नुकतंच खाली गेलंय. हे दृश्य आम्ही ठरवून घेतलं नाही, वाटेत मिळालं.

[रानातले शॉट. शेकरू. ओल्या खडकावर कस्तूर.]

एकट्याने रानात शिरावंसं वाटतं, त्यात वेडेपणा काही नाही. चौघं गेली की चौघांच्या गप्पा जातात. एकटा गेला की शीळकरी कस्तूर अगदी शेजारच्या दगडावर बसून माणसासारखी शीळ घालतो, शेकरू वरून टवाळी केल्यासारखं ओरडतं, आणि डोक्यावरून धनेश गेला तर त्याच्या पंखांचा फसफस आवाज स्पष्ट ऐकू येतो. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं. २०८ चौरस किलोमीटरचा पसारा. यातल्या कितीतरी जागी मोबाइलला रेंज नसते, आणि अनेकांना नेमकं तेच हवं असतं.

[काका. कमरेला आकडी, तिच्यात कोयता. पाठीमागून शॉट.]

हे काका. आडनाव सांगू नका म्हणाले, सांगत नाही. उभा जन्म याच डोंगरात गेला. आम्ही विचारलं, "काका, तुम्ही एकटेच जाता ना रानात?" ते थांबले, वळले, आणि म्हणाले, "एकटो? एकटो कोण जाता?"

पण ते एकटेच जातात, आम्ही पाहिलंय. मग ते असं का म्हणाले, ते खिंडीत पोचल्यावर कळलं.

[खिंड. दगडांचा ढीग. ढिगावर ओले-सुके टहाळे. जवळून.]

वाटेवर दगडांचा हा ढीग आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही. राखणदाराची, म्हणजे रान राखणाऱ्या देवाची जागा. वर जाणारा प्रत्येक जण शेजारच्या झाडाची एक फांदी मोडतो, ढिगावर टाकतो, हात जोडतो आणि पुढे जातो. काकांनीही टाकली. मग वाकून खालचे टहाळे बोटाने बाजूला करायला लागले. आम्हाला वाटलं, काही पूजा असेल.

[बोटं. एक पान उलटं करून दाखवतात.]

पूजा नव्हती, ती हजेरी होती. हे पान अजून ताठ आहे, म्हणजे आज सकाळचं. याच्या कडा वळल्यात, काल संध्याकाळचं. आज दोघं वर गेलेत, एक जण कालचा आहे. त्यांच्यातल्या एकाने रानजांभळीची फांदी मोडलीय, म्हणजे तो पलीकडच्या वाड्यावरून आला. जांभूळ त्याच बाजूला आहे. काका हे सगळं पेपर वाचावा तसं वाचत होते.

रात्री परतताना कुणाचा पत्ता नसेल, तर शोध कुठून सुरू करायचा हे या ढिगाला ठाऊक असतं. मोटरसायकलवाल्याचा टहाळा त्यात नव्हता.

[जुनी घाटवाट. दगडी पायऱ्या, शेवाळ.]

या वाटा आजकालच्या नाहीत. मोटाररस्ता व्हायच्या आधी मीठ, नारळ, सुकी मासळी इथूनच वर चढायची आणि धान्य खाली उतरायचं. बैल पुढे, माणूस मागे. २६ जानेवारी १८५२ रोजी सत्तरीच्या दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढची तीन-साडेतीन वर्षं पोर्तुगीज सरकारला या डोंगरांत झुंजवलं. कोणती वाट कुठे फुटते, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, हे सांगणारी गावं पाठीशी असल्याशिवाय असली लढाई होत नाही. रान वाचणारे तेव्हाही हेच लोक होते. आज अभयारण्याची चर्चा निघाली की मात्र त्यांना अडचण समजलं जातं. आणि 'लपलेला धबधबा' म्हणून व्हिडिओ टाकणाऱ्यांच्या नकाशात यांचं घर नसतं, फक्त लाल टाचणी असते.

[सडा. धुकं. बराच वेळ कट नाही.]

हा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. याच सड्यावर मी बावीस वर्षांचा असताना एकटा आलो होतो. त्या दिवसाचं चित्रण नाही, म्हणून हे आजचंच धुकं दाखवतोय. सड्यावर झाड नसतं. धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही, आणि पाणी पडल्याचा आवाज चहूबाजूंनी येतो. कडा कुठल्या हाताला आहे हे कळेना. मी खाली बसलो. दोनेक तासांनी घंटा वाजत आली, म्हशी आल्या, मागून घोंगडी पांघरलेली एक धनगर बाई आली. "बाबू, हांगाच बस. हालू नको," एवढंच म्हणाली. म्हशी पांगवून परत आली आणि मला वाटेला लावून गेली. नावही विचारायचं राहिलं.

[ओढा. पाणी नितळ. मग त्यावर पाला.]

आता हा शॉट नीट बघा. ऊन पडलंय. पाणी नितळ आहे, गुडघ्याएवढं. काका मात्र पाण्यात उतरत नाहीत, वरच्या अंगाला बघत उभे राहतात. सड्याचा जांभा दगड ठार भरला की वर पडलेला पाऊस मुरत नाही, थेट ओढ्यात घसरतो. वाळपईत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वरही पाऊस होतो; तो असा, तासातासाने. खाली ऊन असलं तरी वर ढग फुटलेला असू शकतो. पहिल्यांदा पाणी वाढत नाही. पहिल्यांदा पाला येतो, काटक्या येतात. मग आवाज जड होतो. मग पाणी गढूळ. पाणी गढूळ झाल्यावर माणूस पळायला लागतो, तेव्हा मधला दगड बुडालेला असतो.

आम्ही पाला पाहिला आणि मागे फिरलो. अकरा मिनिटांनी हा ओढा असा दिसत होता.

[तोच ओढा, लाल लोंढा. निवेदन नाही, फक्त आवाज.]

जुलै २०२३ मध्ये दक्षिण गोव्यातल्या नेत्रावळी अभयारण्यात मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, आणि वनखात्याने अभयारण्यांतले धबधबे बंद केले.

[फांदीवर हिरवा चापडा. अगदी जवळून.]

ओढ्याकाठी हात टाकायच्या आधी बघायचं. हा मलबारी चापडा. हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळाही असतो. माणसाच्या हाताच्या उंचीवर, तासन्तास न हलता. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस चार मुख्य सापांच्या विषावर बनलेली आहे. हा त्या चौघांत नाही. उन्हाळ्यात यायचं तर गोचिडी आणि त्यांच्यामुळे होणारा माकडताप आहे, आणि गवा तर बारमाही. कळपातून सुटलेला एकटा नर, एकुलगा, तो समोर आला तर काका वाट सोडतात. आमच्या कॅमेऱ्याला तो लाभला नाही, फक्त खुरं लाभली.

[संध्याकाळ. काकांच्या कुळागराची वरची कड.]

शेवटचं चित्रण अभयारण्याच्या हद्दीबाहेर, काकांच्या कुळागरावर, म्हणजे पोफळीच्या बागेत. पावसात कुजलेल्या फांद्यांवर इथे एक बारीक अळंबी येते, ती अंधारात उजळते. तुम्ही आता बघताय तो हिरवा उजेड कॅमेऱ्याने तीस सेकंद डोळा उघडा ठेवून गोळा केलाय. खऱ्या डोळ्यांना तो इतका दिसत नाही, खोटं कशाला सांगू. आधी टॉर्च बंद करावी लागते. मग दहा मिनिटं थांबावं लागतं. मग पायाशी राखेसारखं काहीतरी उमलतं आणि फांदीचा आकार धरतं.

[पूर्ण काळोख. हिरवा ठिपका. मग दुसरा.]

आमच्या सगळ्यांच्या टॉर्च बंद होत्या. चार पावलं मागे काकांची तेवढी चालू होती, जमिनीकडे वळवून, तळहाताने झाकलेली.

"बघून झालां?" त्यांनी विचारलं. "चला. घरात नऊ सांगून आयलां."

[बोटांच्या फटीतून लाल उजेड. कॅमेरा त्याच्या मागे चालू लागतो.]