माळरानावरच्या एकट्या पूर्वजाचा माग

(दृश्य: नेब्रास्काचं सपाट माळरान. वाऱ्यावर हलणारं उंच गवत.)

अमेरिकेतल्या जुन्या घराण्यांच्या वंशावळीत असा एखादा माणूस असतोच. पणजोबांचा थोरला भाऊ. नावापुढे एवढंच लिहिलेलं: पश्चिमेला गेला, लग्न केलं नाही. पत्र नाही, फोटो नाही, मागे मूलबाळ नाही. कुणाशी फारसं न बोलणाऱ्या या माणसानं स्वतःहून काही लिहून ठेवलेलं नसतं. पण सरकारी जमीन हवी, तर शेजाऱ्यांना साक्षीला उभं करावंच लागायचं. म्हणून त्याला शोधायचं ते शेजाऱ्यांच्या कागदांतून.

पहिला कागद घरातलाच, कुटुंबाचं बायबल. त्यातल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न, मृत्यू लिहायची पद्धत होती. नोंदी वाचण्याआधी छपाईचं वर्ष पाहा. पुस्तक 1870 चं, पहिला जन्म 1832 चा आणि सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या असतील, तर त्या नंतर कधीतरी एका बैठकीत उतरवलेल्या आहेत. अशा तारखा टिपून ठेवा, पण दुसरा पुरावा मिळेपर्यंत त्यांवर भिस्त नको.

(दृश्य: जनगणनेचं पान, आडव्या ओळींत शाईची अक्षरं.)

मग दर 10 वर्षांची जनगणना. 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव मिळतं, 1880 पासून कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं, आणि 1900 च्या पानांवर जन्माचा महिना आणि वर्षसुद्धा. मधलं 1890 मात्र जवळजवळ सगळं गेलं. जानेवारी 1921 मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. काही कागद जळाले, बरेच पाण्यानं भिजले आणि उरलेले पुढे नष्ट करण्यात आले. माळरानावर वस्ती होत होती ती नेमकी 1890 च्या आसपासची वर्षं. ही फट 1885 च्या मधल्या गणनेनं थोडी भरते. ती नेब्रास्का, कोलोरॅडो आणि डाकोटात झाली होती. कॅन्ससनं स्वतःची वेगळी गणना घेतली आणि तिच्यात ‘कॅन्ससला कुठून आलात’ असा रकानाच आहे. मूळ गाव सापडत नसेल, तर आधी तो रकाना बघावा.

नावानं शोधून माणूस मिळाला नाही, म्हणून तो तिथे नव्हताच असं समजू नका. दार बंद दिसलं की प्रगणक शेजाऱ्याला विचारायचा. मग वय अंदाजानं, जन्मस्थळ ऐकीव आणि आडनाव कानाला आलं तसं. म्हणून शोधयंत्र बाजूला ठेवून त्या भागाची पानं एकेक ओळ करून वाचावीत. वर-खालची घरंही उतरवून घ्यावीत, ती नावं पुढे लागतात.

(दृश्य: जमिनीचा नकाशा, चौकटींची जाळी.)

आता खरा खजिना. 20 मे 1862 च्या होमस्टेड कायद्यानं 160 एकर जमीन मिळायची. अट अशी, की तिथे 5 वर्षं राहायचं आणि जमीन कसायची. आपल्याकडे गट नंबराशिवाय सातबारा निघत नाही, तसं तिथे टाउनशिप, रेंज आणि सेक्शन लागतं. टाउनशिप म्हणजे 6 मैल बाय 6 मैल, त्यात 36 सेक्शन, एकेक 640 एकरांचा. रेंज म्हणजे टाउनशिपांची उत्तर-दक्षिण रांग. हे आकडे मालकीच्या सनदेवर असतात आणि सनदा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. बरेच जण सनद मिळाली की थांबतात. सनदेत नाव आणि जमीन, एवढंच. लँड ऑफिसचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी जमीन कचेरीचं, नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक टिपून नॅशनल आर्काइव्हज या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून पूर्ण फाइल मागवा.

त्या फायलीत काय मिळतं? नेब्रास्कातल्या बिॲट्रिस गावाजवळचा डॅनियल फ्रीमन हा पहिल्या दावेदारांपैकी एक. त्याचा अर्ज 1 जानेवारी 1863 चा. त्याच्या दोन साक्षीदारांनी लिहून दिलं: घर 14 बाय 20 फूट, काही ओंडक्यांचं, काही फळ्यांचं, दोन दारं, दोन खिडक्या. सुमारे 35 एकर नांगरलेले. मेंढ्यांची शेड 100 फूट लांब. सफरचंदाची 40 झाडं, पीचची सुमारे 400.

पुढच्या काळातल्या छापील नमुन्यांत आणखी प्रश्न आले. घर कधी बांधलं, जमीन सोडून कधी आणि कशासाठी गेलात? मजुरीसाठी बाहेर काढलेले महिने तिथे सापडले, की जनगणनेत माणूस का नाही, तेही कळतं. परदेशात जन्मलेल्याच्या फायलीत नागरिकत्वाचे कागद असतात.

यानंतर साक्षीदारांच्या स्वतःच्या फायलीही मागवा. शेजारी एकमेकांसाठी साक्ष द्यायचे. आपला माणूस तिथे साक्षीदार निघाला, तर त्याचं वय, धंदा, सही आणि ओळख किती वर्षांची, हे त्याच्याच जबाबात मिळतं. 1879 पासून अंतिम पुराव्याची, म्हणजे अटी पूर्ण केल्याचा पुरावा देणार असल्याची, नोटीस जमिनीजवळच्या वर्तमानपत्रात द्यावी लागे. तिच्यात चार साक्षीदारांची नावं असतात, म्हणजे फायलीत आलेल्या दोघांहून जास्त.

सनद मिळालीच नाही, तर? अनेकांनी दावा अर्धवट सोडला. असे दावे सनदांच्या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी लँड ऑफिसच्या ट्रॅक्ट बुकांत, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांनुसार दावे नोंदलेल्या वह्यांत, सेक्शनवार पाहावं लागतं.

(दृश्य: काउंटी न्यायालयाची फाइल, दोरीनं बांधलेली.)

शेवटी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचं, न्यायालय. काउंट्यांच्या हद्दी बदलत गेल्या, म्हणून त्या वर्षी ती जमीन कुठल्या काउंटीत होती ते आधी ठरवा. मृत्युपत्र न करता गेलेल्या अविवाहित माणसाच्या मिळकतीच्या फायलीत सामानाची यादी असते: चूल, घोडे, खोगिरं, देणीघेणी. सोबत वारसांची यादी, भावाबहिणींची आणि भाच्या-पुतण्यांची, बहुधा राहत्या गावासह. पत्रं आणि फोटो आज असतील, तर याच शाखांच्या वंशजांकडे असतील. पुढची चौकशी तिथे करावी.