दरबार हॉलमधला रंग अजून ओला आहे

मुंबई-पुण्याहून गोव्याला निघालेल्या गाड्या आता सावंतवाडीला बाहेरूनच वळसा घालून पुढे जातात. रेल्वेनं आलात तर सावंतवाडी रोड स्टेशनही गावापासून काही किलोमीटर लांब. म्हणजे या गावात यायचं तर ठरवूनच यावं लागतं. आणि आलात, तर एक रात्र तरी राहा.

मोती तलावासमोरचा हा राजवाडा सावंतवाडीचे राजे तिसरे खेम सावंत यांच्या काळातला. त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. राजघराण्यानं आवारातल्या ताईसाहेब वाड्याची डागडुजी केली आणि तिथं पाहुण्यांसाठी खोल्या सुरू केल्या.

भिंतींजवळ जाऊन जरा हात लावून बघा. हा जांभा. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून टणक होत जातो. अंगभर छिद्रं, त्यामुळे पाणी पितो आणि उन्हात ते सोडूनही देतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात अशा भिंतीला सिमेंट फासलं, की ओल आतच कोंडते. जुनं घर दुरुस्त करणाऱ्यानं आधी त्याचा दगड ओळखावा लागतो, तो यासाठी.

पण या मुक्कामाचं खरं मोल मला वाटतं ते दरबार हॉलमध्ये. तिथं आजही कारागीर मांडी घालून बसतात आणि गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, रंगवतात. गोल पानं, तळहातावर मावतील एवढी. दशावतारी संचात १२० पानं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. दश्शीवर दहा मासे, तेही एवढ्याशा वर्तुळात! प्रत्येकाला डोळा हवा, कल्ले हवेत. कुंचल्याचं टोक पानाला टेकतं तेव्हा बघणाराही श्वास रोखून धरतो.

छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि ही कला बुडायला आली. तेव्हा इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती मनावर घेतली. उरल्यासुरल्या जाणत्या हातांकडून ती शिकून घेतली, नव्या मुलामुलींना शिकवली आणि १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ हा कारखाना सुरू केला. राजवाड्याचा दरबार कारखान्यासाठी मोकळा करून देणं ही लहान गोष्ट नव्हे. नुसतं कुलूप लावून जपलेल्या वास्तूपेक्षा, जिथं रंगाच्या वाट्या मांडलेल्या आहेत ती वास्तू मला कितीतरी जास्त जिवंत वाटते.

सकाळी चितार आळीत एक फेरी मारा. लाकडी फळं, पाट, रंगीत खेळणी. दुकानदाराला घाई नसेल तर तो लाकडाबद्दलही भरभरून बोलेल.

परत आल्यावर मात्र गंजिफांचा डाव कुणाकडून तरी समजून घ्या. निम्म्या अवतारांत पानांची चढती भाजणी एका बाजूनं, उरलेल्यांत बरोबर उलटी. सुरुवातीला डोकं गरगरतं. आणि डाव कुणी सुरू करायचा, हे घड्याळावर ठरतं. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा, तो पहिलं पान टाकतो. दिवेलागण झाली की तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. मुक्कामाला असाल, तर दोन्ही डाव खेळायला मिळतील.