घडीच्या चाकूची दगडी मूठ : ताण कुठे जातो?

मंडळी, घडीच्या चाकूला मॅमथची दाढ किंवा अश्मीभूत लाकूड बसवायचं म्हटलं की आधी सगळे रंगावर भाळतात. माझं आजचं सांगणं एकच आहे. रंग निवडण्याआधी चाकूतला ताण कुठून कुठे जातो ते पाहा. पातं पिव्हटवर, म्हणजे बुडाशी असलेल्या स्क्रूच्या आसावर फिरतं, उघडल्यावर स्टॉप पिन या अडवणाऱ्या खुंटीला टेकतं आणि लॉक त्याला मागून अडवतो. हा सगळा भार लायनरने, म्हणजे मुठीच्या आतल्या टायटॅनियमच्या किंवा स्टीलच्या पत्र्याने घ्यायला हवा. दगड लवत नाही, सरळ तडकतो. मुठीत लायनरच नसेल आणि बाहेरची प्लास्टिकची पट्टीच सगळं पेलत असेल, तर त्या चाकूला दगडाच्या पट्ट्या लावू नका. फ्रेमलॉक, म्हणजे मुठीच्या धातूच्या चौकटीतूनच कापलेला लॉक असेल तर टायटॅनियममध्येच उथळ खाच कोरून दगड तिच्यात बसवा. मला तर हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते, कारण दगडाच्या कडाही धातूच्या आड राहतात.

‘जीवाश्म’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळे पदार्थ येतात. सायबेरिया-अलास्काच्या गोठलेल्या जमिनीतून निघणारा मॅमथचा सुळा बहुतेकदा दगड झालेलाच नसतो. त्यात कोलॅजन, म्हणजे मूळचं प्रथिन शिल्लक असतं. म्हणून तो दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो आणि कापताना तापला तर उलतो. त्याच्या सालीवरची निळी-हिरवी झाक बहुधा व्हिव्हिआनाइट या लोहाच्या फॉस्फेटची असते. डायनोसॉरच्या अश्मीभूत हाडाचं उलट आहे. हाडाच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, म्हणजे क्वार्ट्‌झचाच बारीक कणांचा प्रकार भरलेला असेल, तर त्याचा कठीणपणा मोहस् मापावर ६.५ ते ७ येतो आणि तो अकीकासारखाच कापायचा. फिरोजा ५ ते ६, पण सच्छिद्र. रेझिन न जिरवलेला फिरोजा हाताचं तेल पिऊन काळपट हिरवा पडतो. पहिल्यांदाच दगडाला हात घालणाऱ्याने नेफ्राइट जेड घ्यावा. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे त्याच्याइतका चिवट दगड क्वचितच मिळतो.

खरेदीबद्दल थोडक्यात. तुकडा कुठून आला याची लेखी नोंद घ्या. अमेरिकेत संघीय जमिनीवरचे पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत. त्यासाठी २००९ चा कायदा आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१६ पासून मॅमथचे सुळे आणि दातही हस्तिदंताच्या विक्रीबंदीत मोडतात. सुळा खरंच मॅमथचा आहे का, हे आडव्या छेदात दिसतं. बाहेरच्या कडेजवळ एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचा कोन ९० अंशांहून कमी असेल तर मॅमथ, ११५ हून जास्त असेल तर हत्ती. मधला कोन दोघांतही सापडतो, त्यामुळे एकाच मापावर निकाल देऊ नका.

आता काम. पट्टीसाठी दगडाची चकती ४ मि.मी. जाडीची कापा, शेवटी २.५ ते ३ मि.मी. राहू द्या. दगड कापताना, घासताना पाणी सतत हवं आणि तोंडावर धूळ अडवणारा चांगला मास्क हवा. क्वार्ट्‌झच्या धुळीने सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मागची बाजू काचेवर सिलिकॉन कार्बाइडची घासायची पूड टाकून सपाट करा. स्टीलची पट्टी टेकवल्यावर खालून उजेड दिसला, तर घासणं संपलेलं नाही. उंचवटा राहिला की स्क्रू त्याच्यावरून पट्टी वाकवू पाहतो, आणि चीर कधी कधी चार दिवसांनी दिसते.

भोकासाठी पोकळ डायमंड ड्रिल वापरा. तुकडा पाण्यात बुडवून ठेवा, ड्रिल थोडं खाली, पुन्हा वर, असं हलकेच चालवा. खाली टाकाऊ पट्टी चिकटवा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना कपचा उडतो. भोक स्क्रूपेक्षा ०.२ ते ०.३ मि.मी. मोठं ठेवा. स्क्रूचं डोकं खालून सपाटच हवं. शंकूसारखं डोकं आवळलं की ते पाचरीचं काम करतं आणि दगड भोकापासून कडेपर्यंत फाटतो. खिशाच्या क्लिपचे स्क्रू थेट लायनरमध्ये जाऊ द्या.

लायनर कोणत्या धातूचा, हेही बघा. तापमान ४० अंशांनी बदललं तर १०० मि.मी. लांबीचं टायटॅनियम सुमारे ०.०३ मि.मी. वाढतं, अ‍ॅल्युमिनियम ०.०९. क्वार्ट्‌झचे दगड या बाबतीत टायटॅनियमच्या जवळचे. चिकटवायचं असेल तर पत्रा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी लावा. क्लॅम्प करकचून आवळू नका. सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो.

पॉलिशमध्ये सर्वांत जास्त मॅमथची दाढच छळते. तिच्यात इनॅमल, डेंटिन आणि सिमेंटम यांचे थर एकाआड एक असतात आणि तिघांचा कठीणपणा वेगळा. मऊ पॅडने घासलं की डेंटिन खोल जातं, इनॅमलच्या कडा बोटाला लागतात. म्हणून आधी रेझिन जिरवलेलीच दाढ घ्या, बारीक खड्ड्यांत पातळ सुपरग्लू सोडा आणि कडक पाठीचे डायमंड पॅड २२०, ४००, ६००, १२००, ३००० असे क्रमाने चालवा. एक टप्पा गाळला की त्याचे ओरखडे शेवटच्या चकाकीत उठून दिसतात. कॅल्सेडनी असलेल्या दगडांना शेवटी ओल्या नमद्यावर सिरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड द्या. बाहेरच्या सगळ्या कडांना अर्धा मि.मी. उतार हवा, धारदार कड पहिल्याच आपटण्यात जाते.

लायनरलॉकच्या बाजूला इपॉक्सी जपून. लॉकची भुजा त्याच पत्र्यातून कापलेली असते आणि पातं मिटलं की ती पट्टीला टेकून बसते. भुजेमागे इपॉक्सीचा एखादा थेंब जरी सुकला, तरी ती पूर्ण मागे सरत नाही, पात्यावर जास्त दाबते, आणि उघडताना-मिटताना पातं जड जातं. या बाजूची पट्टी नुसत्या स्क्रूवर बसवा, म्हणजे पुन्हा काढताही येते. अंगठ्याने लॉक सोडवायची खाच मूळ मुठीइतकीच ठेवा. जोडणी झाल्यावर पातं मिटवून टोक पूर्ण आत जातंय ना, उघडून लॉक पात्याच्या बुडाला नीट टेकतोय ना, ते पाहा. मग पिव्हटचा स्क्रू पाव वळसा सैल करून, पुन्हा आवळून तीच तपासणी करा.