बोर्ड नाही म्हणून फाट्यावर गाडी लावता? आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. कापूस घरी यायला लागला की आपल्याकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "भाऊ, आमच्या फाट्यावर नो पार्किंगचा बोर्डच नाही, मग चालान कसं काय केलं?" यवतमाळकडून येतो, वाशीमकडून येतो, वर्ध्याकडून येतो. आज त्याचं उत्तर देऊन टाकू.

सोपं आधी उरकतो. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे आणि तो नागपूरच्या सीताबर्डीला जसा लागू आहे तसाच तुमच्या गावाच्या चौकालाही. दुसऱ्याला धोका होईल, अडथळा होईल अशी गाडी सोडून गेलात तर कलम 122. दंड कलम 177 खाली, पहिल्यांदा 500 रुपये आणि त्यानंतर दर वेळी 1500. सार्वजनिक जागी गाडी 10 तास बेवारस पडली असेल, किंवा मनाई असलेल्या जागी उभी असेल, तर वर्दीतला पोलीस अधिकारी ती उचलायला लावू शकतो. ते कलम 127, आणि उचलण्याचा खर्च मालकाच्या माथी. गाडी चालू ठेवून, ड्रायव्हर सीटवर नसताना ती सोडून जायची नाही, हे कलम 126. झालं.

आता बोर्ड. बोर्ड लागतो तो एखाद्या ठिकाणी जास्तीची बंदी घालायची असेल तेव्हा. त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची अधिसूचना निघते, कलम 115, 116, 117 चा आधार असतो. पण काही जागा अशा आहेत जिथे बोर्ड असो की नसो, गाडी लावायचीच नाही. वाहन चालवण्याचे 2017 चे केंद्राचे विनियम आहेत, त्यात ही यादी आहे. ज्या मुख्य रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50 किंवा त्याहून जास्त आहे, तिथे नाही. बसथांब्याजवळ, शाळेच्या आणि दवाखान्याच्या फाटकासमोर नाही. उभ्या गाडीच्या बाजूला दुसरी गाडी नाही. आणि जिथे रस्ते मिळतात, तिथपासून दोन्हीकडे 50 मीटरपर्यंत नाही.

हा शेवटचा नियम म्हणजे आपला फाटा. आजचा सगळा व्हिडिओ याच्यासाठीच आहे.

[पडद्यावर: फाट्याची आकृती, दोन्ही बाजूंना 50 मीटरची लाल पट्टी]

50 मीटर म्हणजे किती? फूटपट्टी नको. साधारण 65 ते 70 पावलं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून आठ-नऊ मीटर धरा, म्हणजे तशा सहा गाड्या एकामागे एक. आता आपल्या फाट्यावर काय असतं बघा. चहाची टपरी, पानठेला, काळी-पिवळी, पोतं टाकून बसलेला भाजीवाला, आणि त्या सगळ्यांपुढे जिनिंगला निघालेली भरलेली ट्रॉली. सगळं त्या 50 मीटरच्या आत. ट्रॉलीवाला म्हणतो, दोन मिनिटं चहा घेतो.

याच्याकडे मोठ्या रस्त्यावरून येणाऱ्याच्या बाजूने बघा. ताशी 60 ने येणारी दुचाकी 50 मीटर तीन सेकंदांत कापते. समोर काही दिसलं की ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. तेवढ्यात 17 ते 25 मीटर गेले. मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या डांबरावर आणखी 20 मीटर. म्हणजे 50 पैकी 37-45 संपले. रस्त्यावर सांडलेलं सोयाबीन किंवा चिखल असला तर हिशेबच संपला.

आता गावातून बाहेर पडणाऱ्याच्या बाजूने. वावरातून येणारी बैलबंडी, सायकलवर शाळेची पोरगी, स्कूटीवर आशाताई. त्यांना मोठ्या रस्त्यावर यायचं आहे आणि डावीकडे कापसाने फुगलेली ट्रॉली उभी आहे. त्यांना रस्ता दिसावा म्हणून पुढचं चाक डांबरावर काढावं लागतं. म्हणजे गाडी येते की नाही हे बघायलाच त्यांना गाडीच्या वाटेत जावं लागतं! ट्रॉलीला कोणी धडकलं नाही, तरी अपघात ट्रॉलीमुळेच झालेला असतो, आणि ट्रॉलीवाला म्हणतो मी तर बाजूला उभा होतो. याचा मला मनापासून राग येतो.

तिसरी बाजू एसटीची. गावाकडचा एकेरी डांबरी रस्ता बहुतेक ठिकाणी 3.75 मीटर रुंद. ट्रॉली अंदाजे दोन मीटर. उरले पावणेदोन. बसची रुंदी कायद्याने 2.6 मीटरपर्यंत. चाकं खाली मातीत उतरवल्याशिवाय बस जातच नाही.

आणि माती कसली, काळी! इथे लोकांची अडचण खरी आहे, ती मी मान्य करतो. "डांबरावरून खाली घेतली तर रुतते" असं कमेंटमध्ये लिहिता, बरोबर लिहिता. पावसाळ्यात काळ्या मातीत भरलेल्या ट्रॉलीचं एक चाक खाली गेलं की ट्रॉली एका अंगाला कलते, आणि माल उंच भरलेला असला तर उलटतेसुद्धा. म्हणून थांबायची जागा आधीच ठरवून निघा. मुरूम टाकलेली बाजूपट्टी, पेट्रोल पंपाची मोकळी जागा (विचारून), बाजार समितीचं आवार. दोन्ही चाकं एकाच पातळीवर आणि पूर्ण डांबराबाहेर. अर्धी आत, अर्धी बाहेर ही सगळ्यात वाईट पद्धत.

रात्रीचं वेगळं सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 109 आहे. रस्त्यावर उभ्या गाडीचे पार्किंग लाइट चालू पाहिजेत, पुढे पांढरे किंवा पिवळसर, मागे दोन लाल. ट्रॉलीला दिवे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतात. ट्रॅक्टर सोडून नेला की ट्रॉली काळोखात. म्हणून सुटी ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला ठेवायचीच नाही, वावरात न्या. चमकणारी पट्टी मागे लाल, बाजूंना पिवळी लावा, आणि कापूस भरल्यावर मागे जाऊन बघा. कापूस फुगून किंवा ताडपत्री लोंबून पट्टी आणि दिवा दोन्ही झाकले जातात, हे नेहमीचं आहे. एकच इंडिकेटर चालू ठेवू नका, मागच्याला वाटतं गाडी वळते आहे. चारही चालू करा.

गाडी बंद पडली तर? लोक चाकामागे दगड लावतात, गाडीच्या थोडं मागे पळसाची फांदी टाकतात, गाडी सुरू झाली की निघून जातात. दगड तिथेच! रात्री दुचाकीवाल्याला तो दिसत नाही. दगडाऐवजी लाकडाचा ओंडका ठेवा आणि त्याला दोरी बांधून दोरीचं दुसरं टोक ट्रॉलीच्या कडीला बांधा, म्हणजे विसरला तरी सोबतच येईल. तिकोनी लाल फलक 50-60 पावलं मागे ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1033 ला फोन. बंद गाडीने रस्ता अडवून ठेवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 201 खाली 500 रुपयांपर्यंत दंड आहेच, शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 285, त्यात 5000 पर्यंत. आणि कोणाचा जीव गेला तर निष्काळजीपणाचं कलम 106, पाच वर्षांपर्यंत कैद. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपेक्षा वेगळा बघावा लागतो, कागद आजच काढून बघा.

आठवडी बाजाराबद्दल बरेच सरपंच विचारतात. ग्रामपंचायत मोटार वाहन कायद्याचं चालान करू शकत नाही. पण ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 53 खाली गावातल्या रस्त्यावरचा अडथळा हटवू शकते. ग्रामसभेत ठराव घ्या, बंड्या, टेम्पो आणि दुचाकींची जागा नकाशावर वेगवेगळी दाखवा. जागा ई-क्लासची असेल तर ती शासनाची आहे, आधी तहसीलला परवानगी मागा. ठरावाची प्रत पोलीस ठाण्याला आणि रस्ता ज्यांचा आहे त्या विभागाला द्या. बाजाराच्या रस्त्यावर बंदी हवी असेल तर प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. आणि बाजाराच्या दिवशी दवाखान्याकडे जाणारा एक रस्ता पूर्ण मोकळा ठेवा, ॲम्ब्युलन्स पाठीमागून काढता येत नाही.

शेजाऱ्याने मोडकी ट्रॉली महिनोन्‌महिने रस्त्यात ठेवली आहे, तक्रार कुठे करू, असं विचारणाऱ्यांनी नंबर आणि आजूबाजूची खूण दिसेल असा फोटो काढा, त्यावर तारीख येऊ द्या. गावातला रस्ता असेल तर ग्रामपंचायतीत लेखी अर्ज, पोच घ्या. मोठा रस्ता असेल तर अर्ज पोलीस ठाण्यात. रात्र आहे, ट्रॉलीला दिवा नाही आणि गाड्या वेगात येत आहेत, तर अर्ज लिहीत बसू नका, 112 लावा.