आधी कपलर, मग पाइप

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय मोटरसायकलला बाहेरचा सायलेन्सर बसवण्याबद्दल आणि त्याच्यासोबत येणाऱ्या सेन्सरच्या भानगडीबद्दल. सायलेन्सर बदलताना पोरं आवाजाचं बोलतात, चकाकीचं बोलतात. सेन्सरचं कुणी काढत नाही. आणि गाडी गॅरेजला परत येते ती बहुतेक वेळा त्याच्यापायीच.

हा सेन्सर करतो काय, ते थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचं ते आता ईसीयू, म्हणजे गाडीतली कॉम्प्युटरची डबी, ठरवते. बेंड पाइपात, म्हणजे इंजिनच्या तोंडातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात, बसवलेला ऑक्सिजन सेन्सर तिला सांगतो, की जळून बाहेर आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय. एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, हे त्याचं गणित. पेट्रोल जास्त झालं की सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, कमी पडलं की ०.१ च्या आसपास उतरतो, आणि ईसीयू त्याप्रमाणे हात आखडता घेते किंवा सैल सोडते.

करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या श्रोत्यांना गुऱ्हाळ सांगायला नको. गूळ करणारा गुळव्या रस उकळणाऱ्या काहिलीवर नजर ठेवून उभा असतो आणि चुलवाणावर जाळ घालणाऱ्या गड्याला हाक देतो, "जाळ वाढीव... आता कमी कर." तसा सेन्सर म्हणजे गुळव्या, आणि ईसीयू म्हणजे जाळ घालणारा गडी. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि गुऱ्हाळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आपल्या जिल्ह्यातली गुऱ्हाळं एकेक करून बंद पडताहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. चांगल्या गुळाला चार पैसे जास्त मोजायला आपण कोल्हापूरकरांनीच मागं-पुढं बघू नये. असो.

आता एक गोष्ट सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतली आहे. ज्या वस्तादांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, त्यांच्या शेडमध्ये माझ्या डोळ्यांदेखत घडलेली.

कसबा बावड्याचा एक पोरगा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर त्याची आई. दोन सिलिंडरची गाडी, म्हणजे दोन बेंड पाइप, आणि प्रत्येक पाइपात स्वतंत्र सेन्सर. स्टेनलेसची फुल सिस्टिम, म्हणजे बेंड पाइपापासून डब्यापर्यंत सगळंच नवं, बाहेरगावाहून बसवून आणलेली. दिसायला एक नंबर! पण मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, गाडी सिग्नलला बंद पडायची, पन्हाळ्याचा चढ लागला की धक्के मारायची. पोरानं एका गॅरेजला दाखवली. ते म्हणाले सेन्सर गेलेत, दोन्ही नवे टाका. टाकले. दिवा पुन्हा लागला. दुसरीकडं ईसीयूचं मॅपिंग, म्हणजे पेट्रोल सोडायचं आतलं गणित, बदलून दिलं. दिवा पुन्हा लागला.

आई शेडमध्ये स्टुलावर बसली आणि म्हणाली, "वस्ताद, भिशीचं पैसं ह्याला दिलं मी. आता वरनं एक रुपाया घालायची न्हाई."

वस्ताद म्हणाले, "बसा वैनी. आधी बघू तर द्या."

मी स्कॅनर काढायला लागलो, तर वस्तादांनी हातानंच थांबवलं. पोराला एकच प्रश्न विचारला, "सकाळी थंड असताना कशी चालतीया?"

पोरगा म्हणाला, "थंड असताना काय तक्रार न्हाई वस्ताद. गरम झाली की नाटकं करतीया."

वस्ताद नुसतेच "हं" म्हणाले. गाडी निवू दिली, मग दोन्ही प्लग काढले आणि वर्तमानपत्राच्या पानावर शेजारी शेजारी ठेवले. डावा पांढराफटक. उजवा काळाकुट्ट, बोट लावलं की काजळी निघत होती. एकाच इंजिनातले, एकाच दिवशी टाकलेले प्लग! वस्ताद म्हणाले, "ह्याला पेट्रोल मिळंना आणि त्याला सोसंना. सेन्सर चांगलं हाईत. त्यांचं ऐकणारा चुकीचा हाय."

मग चष्मा लावला, खाली बसले आणि डाव्या पाइपातल्या सेन्सरची वायर दोन बोटांत धरली. ती वायर सोडली नाही. इंजिनच्या मागून, चेसिसच्या आतून, बोटं सरकवत सरकवत वर टाकीखाली गेले. तिथं दोन्ही वायरी एकत्र करून प्लॅस्टिकच्या पट्टीनं करकचून बांधलेल्या. बाहेरून बघितलं तर काम एकदम स्वच्छ. वस्तादांनी पट्टी कापली, वायरी वेगळ्या केल्या, आणि पोराला जवळ बोलावून दाखवलं. डाव्या सेन्सरची वायर उजव्या कपलरात, म्हणजे वायर जिथं जोडतात त्या उजव्या जोडणीत होती. उजव्याची डाव्यात.

दोन्ही कपलर सारखे, वायर दोन्हीकडं पोचते, मग बसवणाऱ्यानं घातली जिथं घातली गेली तिथं. आता ते गुऱ्हाळ आठवा. दोन काहिली, दोन चुलवाणं. डाव्या काहिलीचा गुळव्या ओरडतो, "जाळ वाढीव," आणि ऐकतो उजव्या चुलवाणाचा गडी. तो उजवीकडं जाळ घालतच सुटतो. उजवा गुळव्या म्हणतो, "अरे, कमी कर," तर डावीकडचा जाळ कमी होतो. डावं सिलिंडर आणखी उपाशी, उजवं आणखी तुडुंब. दोघं जितकं खरं सांगतील तितकी गाडी बिघडणार. सेन्सर नवे टाकले तरी तेच, मॅपिंग केलं तरी तेच, कारण हाक जात होती चुकीच्या चुलवाणाला.

आणि थंड असताना गाडी बरी का चालायची? साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय हा सेन्सर नीट बोलत नाही. इंजिन थंड असतं तोवर ईसीयू त्याचं ऐकत नाही, स्वतःच्या अंदाजानं पेट्रोल सोडते. म्हणून सकाळी सगळं ठीक. वस्तादांना अर्धं उत्तर त्या एका प्रश्नातच मिळालं होतं.

कपलर जिथले तिथं लावले, प्लग नवे टाकले, मी स्कॅनर लावून जुने कोड पुसले. गाडी चालू केली, तापू दिली. दोन्ही सेन्सरचे आकडे खालीवर, खालीवर व्हायला लागले. असेच व्हायला पाहिजेत. आकडा एका जागी चिकटून बसला तर समजावं की कुठंतरी गडबड आहे. दिवा काही लागला नाही. आईनं विचारलं, "किती झालं?" वस्तादांनी प्लगचे पैसे सांगितले आणि मजुरी सांगितली. चांगली सांगितली, दबकत नाही. आईनं पदराची गाठ सोडली, पैसे मोजले आणि म्हणाली, "हे द्यायला जड जात न्हाई बघा."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पार्ट बदलला की आपण मुकाट पैसे देतो, पण कुणी डोकं चालवून खोट शोधली की, "नुसती वायर तर बदललीस" म्हणून घासाघीस करतो. उद्यमनगरातल्या टर्नरला, फिटरला, वेल्डरला त्यांच्या नजरेचे पैसे मिळालेच पाहिजेत. देशोदेशी जाणारं ओतकाम या गावात घडतं, ते याच लोकांच्या हातून.

वेळ कमी आहे, आता बसवण्याचं सांगतो. गाडी पूर्ण थंड असू द्या. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच तेल मारून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग आधी कपलर सोडवा, मग पाइप काढा. परत सांगतो, आधी कपलर, मग पाइप. पाइप आधी ओढला तर वायर आतून तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. सेन्सर दोन असतील तर काढायच्या आधीच वायरीला आणि कपलरला, दोन्हीकडं चिठ्ठी बांधा, डावा आणि उजवा. सेन्सर हातातून फरशीवर पडू देऊ नका, आतली सिरॅमिक तडकते. आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट लावा, सेन्सरच्या टोकाला लागू देऊ नका. जोडाला साधं सिलिकॉन अजिबात फासू नका, त्याच्या वाफेनं सेन्सर कायमचा निकामी होतो.

इंजिनच्या तोंडाशी पॅकिंग नवंच टाका. सगळे नट आधी हातानं लावून पाइप सैल ठेवा, तो त्याच्या जागी बसला की इंजिनकडून मागं मागं आवळत या. सेन्सरच्या अलीकडं जोड गळका राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू पेट्रोल वाढवते, आणि मायलेज गेलं म्हणून तुम्ही पंपवाल्याला बोल लावता. गाडी थंड असताना चालू करून जोडावर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे आले की गळती सापडली. दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. आधी जोड बघा, वायर बघा, मग सेन्सर. नुसता मागचा डबा बदलायचा असेल, म्हणजे स्लिप-ऑन, तर बहुतेक गाड्यांत सेन्सरला हात लावावाच लागत नाही. नव्या पाइपला सेन्सरची जागा वेल्ड करून घेणार असाल, तर ती पाइपाच्या वरच्या अंगाला घ्या. खालून घेतली तर पाइपात साठलेलं पाणी सेन्सरवर येतं आणि तो फुटतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायला आणि सेन्सरला फसवणारी नळी किंवा डबी बसवायला माझा साफ विरोध आहे. कन्व्हर्टरात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, विषारी धूर मारायचं काम ते करतं, आणि तो धूर आपल्याच गल्लीत राहतो. आवाजाचंही तेच. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला मर्यादा आहे ८० डेसिबलची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जातं. सीपीआर हॉस्पिटलच्या दारातून फटाके फोडत जाणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी हे ऐकावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आत माणसं ऑपरेशन होऊन पडलेली असतात.

आणि शेवटचं. नवा पाइप तापून निवाला की नट थोडे सैल पडतात. शे-दोनशे किलोमीटर झाले की गाडी थंड असताना बेंड पाइपचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या, आणि सेन्सरची वायर गरम पाइपाला कुठं टेकत नाही ना, तेही बघून घ्या. नमस्कार.