बाटलीची झाकणे, दुधाच्या पिशवीचे कोपरे आणि आपली घंटागाडी

नमस्कार मंडळी. घंटागाडीत सुका कचरा वेगळा दिला तरी बाटल्यांची झाकणे, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, मलमाच्या ट्यूबची टोपणे यांचे पुढे काय होते, असे तुमच्यापैकी अनेकांनी विचारले आहे, म्हणून आज केवळ त्याविषयी बोलणार आहे. प्लास्टिक धुऊन, वाळवून द्यायचे हे कोल्हापुरात आता कोणाला नव्याने सांगायला नको.

या वस्तू मागे राहतात त्या केवळ आकारामुळे. झाकण बहुधा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा एचडी (एचडीपीई, म्हणजे कडक पॉलिथिन) या प्लास्टिकचे असते आणि दोन्हींना भंगारात भाव आहे. परंतु हाताने कचरा वेचणाऱ्या ताईंना किलोवर पैसे मिळतात. झाकण उचलायला बाटलीइतकाच वेळ जातो आणि वजन मात्र नगण्य भरते. यंत्राने चाळले, तर ते जाळीतून मातीखड्यांबरोबर खाली पडते.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला त्या मुद्द्याकडे येतो. (ठासून भरलेली बाटली दाखवत) सगळे बारीक प्लास्टिक असे एका बाटलीत कोंबण्याची पद्धत सध्या फार पसरली आहे. कोणी त्या बाटल्यांचे बाक बांधत असेल तर ती गोष्ट वेगळी. पण पुनर्प्रक्रियेसाठी देणार असाल, तर कृपया असे करू नका. बाटली पेट (पीईटी) नावाच्या प्लास्टिकची असते आणि पेट सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते, तर पीपी १६० आणि एचडी १३० अंशांच्या आसपास. ही प्लास्टिके एकत्र वितळवली तरी एकजीव होत नाहीत आणि त्यांचा दाणा, म्हणजे नव्या वस्तू बनवण्यासाठीचा कच्चा माल, ठिसूळ निघतो.

हेच पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यातील पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून पाहा. बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात सोडले की पेट बुडते आणि झाकणांचे पीपी, एचडी तरंगते, त्यामुळे ती आपोआप वेगळी होतात. मात्र कोंबलेल्या बाटलीत पीव्हीसीचा (पाइपांसाठी वापरतात त्या प्लास्टिकचा) एखादा तुकडा असला, तर तो पेटबरोबरच तळाशी जातो आणि थोड्याशा प्रमाणातही पेटचा दर्जा बिघडवतो.

माझ्या ओळखीच्या एका भंगार व्यापाऱ्यांनी अशी बाटली हातात घेऊन मला एवढेच विचारले होते, “साहेब, हे उघडून निवडत कोण बसणार?” रिकामी असती तर तीच बाटली त्यांनी विकत घेतली असती. बारीक वस्तूंबरोबर आपण चांगली बाटलीही वाया घालवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून बाटली रिकामी करून चेपा आणि झाकण तिलाच घट्ट लावून द्या. युरोपीय संघाने ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांची झाकणे बाटलीला जोडलेलीच ठेवणे बंधनकारक केले, ते ती सुटी होऊन हरवू नयेत म्हणूनच. दुधाची पिशवी कापतानाही कोपरा पूर्ण तोडू नका. तो पिशवीला लटकता राहिला की पिशवीबरोबर एलडीच्या (एलडीपीई, म्हणजे पिशव्यांचे मऊ पॉलिथिन) भंगारात जातो.

सुटी झाकणे उरतातच. त्यांच्या आत त्रिकोणातला आकडा पाहा: २ म्हणजे एचडी, ५ म्हणजे पीपी. दोन बरण्या ठेवा आणि भरल्या की घंटागाडीत न टाकता थेट भंगारवाल्याकडे द्या. एका ताईंनी घरात जागा नसल्याचे लिहिले आहे, आणि ती अडचण खरी आहे. अपार्टमेंटच्या जिन्याखाली सर्वांच्या दोन बादल्या ठेवल्या, तर व्यापाऱ्याला परवडेल इतके वजनही लवकर जमते.

प्लास्टिकचे चमचे आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा भेळेबरोबर कोणी चमचा दिलाच तर तो तिथेच परत करावा. टूथब्रशच्या बाबतीत मात्र माझ्याकडे चांगले उत्तर नाही. दांडा एका प्लास्टिकचा, केस नायलॉनचे आणि ते धरून ठेवणारी पट्टी धातूची, त्यामुळे झाकणांच्या बरणीत त्याला जागा देऊ नका. तो सुक्या कचऱ्यातच जाऊ द्या.